गाडीला आहेत की ब्रेक!

ब्रेक कसे आहेत, असं विचारून गाडी घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. रंग विचारतात. ॲव्हरेज विचारतात. दार दोनदा उघडून दोनदा आपटून बघतात, जणू पुढची दहा वर्षं दार आपटण्यातच जाणार आहेत. पण ब्रेक? ते असतातच. देवळात देव असतो तसे गाडीत ब्रेक असतात. असतात म्हणून एरवी कोणी बघत नाही, आणि ज्या दिवशी हाक मारावी लागते त्या दिवशी बघायला सवड नसते.

हा लेख भांडणाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर या गृहस्थाने मध्येच आवाज का चढवला म्हणून वाचक गोंधळायचे. भांडण माझ्या साडूंशी आहे. साडू हे नातं मोठं अडचणीचं. भाऊबंदकीत कोर्टात जाता येतं, शेजाऱ्याशी अबोला धरता येतो. साडूंशी माणसांवरून भांडावं, तर दोघी बहिणी एका बाजूला होतात आणि आपण दोघे दुसऱ्या बाजूला एकेकटे उरतो. म्हणून साडूंशी भांडायचं ते वस्तूंवरून. आमची वस्तू म्हणजे ब्रेक. तेही मोटारीचे नव्हेत. बोट वाहून नेणाऱ्या ट्रेलरचे. आणि तोही खाऱ्या पाण्यात बुचकळून काढलेला ट्रेलर.

आता चौकला बोट कुठून आली, हे सांगायला हवं. चौक म्हणजे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पनवेल सोडल्यानंतर खोपोलीच्या अलीकडे लागतं ते. मागे इर्शाळगड, त्यापलीकडे माथेरानचा डोंगर, बगलेत मोरबे धरण. नेताजी पालकरांचं गाव म्हणून आमची मान ताठ असते. समुद्र इथून दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि वाऱ्यालाही त्याची चव नसते. निवृत्त झाल्यावर मी इथे घर बांधलं. पाठोपाठ साडूंनी शेजारचा प्लॉट घेतला. त्यांना घरात सगळे भाऊसाहेब म्हणतात. ते मला मास्तर म्हणतात, कारण मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं.

निवृत्तीनंतर माणसं काहीतरी घेतातच. काही ज्ञानेश्वरी घेतात, काही होमिओपॅथीची पेटी घेतात. भाऊसाहेबांनी बोट घेतली. जुनीच, पण देखणी. सोळा फुटी, फायबरची, पांढऱ्या अंगावर निळा पट्टा आणि मागे चाळीस घोड्यांचं यंत्र. ती एका दोनचाकी ट्रेलरवर बसून आमच्या गल्लीत शिरली तेव्हा सगळी आळी गोळा झाली होती. नारळ फुटला. पेढे वाटले. एका म्हातारबांनी, "पण पाणी कुठाय?" असं विचारून सगळ्यांचा विरस केला.

प्रश्न माझ्याही मनात होताच. मी म्हटलं, "भाऊसाहेब, अलिबाग इथून सत्तरेक किलोमीटर. मग बोट तिकडेच का ठेवत नाही?"

"खारी हवा असते मास्तर. गंजून जाईल."

"फायबर गंजत नाही."

"बाकीचे भाग असतात की!"

असतात. बाकीचे भाग म्हणजे ट्रेलर. म्हणजे जे गंजत नाही ते गंजू नये म्हणून चौकला आणलं, आणि जे गंजतं त्याच्यावर बसवून आणलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तोंडात पेढा होता.

पहिल्या फेरीच्या वेळी मात्र मी विचारलं, "या ट्रेलरचे ब्रेक तपासले का?" त्यावर भाऊसाहेबांनी जे वाक्य उच्चारलं तेच माझ्या या लेखाचं मूळ आहे. ते म्हणाले, "गाडीला आहेत की ब्रेक!"

हे वाक्य एकट्या भाऊसाहेबांचं नाही. ते राष्ट्रीय आहे. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावून रात्री निघालेला माणूस हेच म्हणतो. वाळूची ट्रॉली ओढणारा हेच म्हणतो. ओढणाऱ्याला ब्रेक आहेत ना, मग ओढलेल्याला कशाला? आता १९८८ चा मोटार वाहन कायदा बघा. मोटार वाहन म्हणजे काय याच्या व्याख्येतच त्याने ट्रेलर घातलेला आहे. कायद्याच्या नजरेला जे दिसतं ते आपल्या नजरेला का दिसत नाही? आपल्या लेखी ट्रेलर म्हणजे सामान. बोट, इंजिन, पेट्रोल, नांगर, बर्फाची पेटी आणि मेहुणीने दिलेला डबा असं सगळं धरून ते सामान टनाच्या आसपास जातं. न्यूटनने सांगून ठेवलंय की चालती वस्तू चालतच राहू पाहते. गाडी थांबते ती तिच्या ब्रेकने. मागच्या टनाला ते कळवणार कोण? त्याला कळतं ते गाडीच्या पाठीत धडक देऊनच. युरोपातल्या लोकांनी यावर साधा नियम केला आहे. ट्रेलर भरून साडेसातशे किलोंच्या वर गेला की त्याला स्वतःचे ब्रेक पाहिजेत. त्याच्या आत असलात तर तुमचं तुम्ही बघा. मला हा नियम न्याय्य वाटतो. छोटी होडी असेल, तर ब्रेकशिवायचा ट्रेलर घेऊन सावकाश जा, माझं काही म्हणणं नाही. पण टनभर वजन मागे लावून "गाडीला आहेत की" म्हणणाऱ्याला माझा हात जोडून नमस्कार आहे, आणि तो त्याच्या गाडीपासून दूर उभं राहून.

लांब कशाला जायचं? आमच्या शेजारी कर्जतला जाऊन बघा. पुण्याकडे चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला कर्जतला बँकर इंजिनं लागतात, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. कारण तेवढ्या वेळात दिवाडकरांचा वडा खाऊन होतो. पण उतरणारी गाडी काय करते, ते कोणी बघत नाही, कारण तिथे वडा मिळत नाही. ती मंकी हिलला थांबते. ठाकूरवाडीला थांबते. जांब्रुंगला थांबते. आत बसलेले शहाणे खिडकीतून डोकं काढून "सिग्नल नाही वाटतं" म्हणतात. सिग्नलचा प्रश्नच नसतो. ब्रेक लागताहेत की नाही, याची ती परीक्षा असते. सदतीस फुटांना एक फूट असा तो उतार १८६३ साली गाड्यांसाठी खुला झाला, आणि इतकी वर्षं उतरूनही रेल्वेला आपल्या ब्रेकवर आंधळा विश्वास टाकावासा वाटत नाही. तरीही गाडी सुटलीच, तर तिला चढावर घालून दमवायला वेगळे रूळ टाकून ठेवलेत. आणि रस्त्याने जाणारे आपण? शिंगरोबाच्या देवळापाशी गाडी हळू करतो, खिडकीतून नाणं टाकतो, हात जोडतो आणि सुटतो. शिंगरोबावर माझी श्रद्धा आहे. ज्याने घाटाची वाट दाखवली अशी आख्यायिका आहे, त्याला नाणं टाकलंच पाहिजे. पण ब्रेक ऑइल बघायचं कामही त्याच्यावरच सोपवावं, हे मला पटत नाही.

भाऊसाहेबांच्या ट्रेलरला ब्रेक मुळात होते, हे इथे प्रामाणिकपणे नमूद करतो. चांगल्या युक्तीचे होते. गाडीने वेग कमी केला की मागचा ट्रेलर पुढे ढकलू लागतो. त्या ढकलण्याने जोडाच्या नळीतला एक दांडा आत सरकतो आणि ट्रेलरच्या स्वतःच्या मास्टर सिलिंडरला दाबतो. झालं, ट्रेलरचे ब्रेक लागले. वायर नको, बटण नको. जितक्या जोरात ढकलाल तितक्या जोरात थांबाल. संसारात अशी सोय असती, तर कितीतरी घरं वाचली असती.

या युक्तीला एकच खोड. चढावर उलटी गाडी घेताना गाडी ट्रेलरला ढकलते, आणि त्या बिचाऱ्याला वाटतं की थांबायला सांगताहेत. तो थांबतो. भाऊसाहेबांच्या फाटकाला चढ आहे. पहिल्या दिवशी गाडी गुरगुरतेय, ट्रेलर हलत नाहीये आणि भाऊसाहेब घामाघूम. त्यासाठी एक खीळ असते, ती लावली की उलटं जाता येतं. पुढे निघताना ती काढायची असते. ती खीळ पुढचे तीन महिने तशीच होती, हे मला नंतर कळलं.

आता त्या रविवारकडे येतो. हसण्याचा भाग इथे थोडा थांबतो.

जानेवारी महिना होता. सकाळी आम्ही चौकहून निघालो. भाऊसाहेब गाडी चालवत होते, मी शेजारी, मागे माझा सात वर्षांचा नातू. तो चौकापासूनच लाइफ जॅकेट घालून बसला होता. समुद्रात पडलो तर, म्हणून आजीने घातलं होतं. खोपोलीवरून पेण, मग वडखळ, पोयनाड. ट्रेलर इतका शहाण्यासारखा येत होता की तो आहे हे आम्ही विसरलो. पोयनाड सोडलं की कार्लेखिंड लागते. खिंड काही मोठी नाही. बोरघाटापुढे गल्लीतला उंचवटाच. पण चढ म्हटला की पलीकडे उतार असतोच.

उतरताना एका वळणावर समोरून एस.टी. आली. भाऊसाहेबांनी ब्रेक दाबला. मागे खाडकन आवाज झाला, कुणी पत्र्याच्या पेटीवर घण मारावा तसा. ट्रेलरचं डावं चाक जागच्या जागी धरलं गेलं, आणि डावं धरलं म्हणून शेपूट उजवीकडे फिरलं. माझ्या बाजूच्या आरशातून बोट दिसेनाशी झाली. ती भाऊसाहेबांच्या आरशात मावेना इतकी मोठी दिसू लागली. चाळीस घोडे रस्त्याच्या मधोमध, एस.टी.च्या तोंडासमोर.

एस.टी. थांबली. किती अंतरावर थांबली, ते मी मोजलं नाही. तिच्या काचेमागे गणपतीची तसबीर होती आणि तिला झेंडूचा हार होता; त्यातलं एक फूल सुकलेलं होतं, ते मला दिसलं. इतक्या अंतरावर.

कोणी काही बोललं नाही. मागून नातवाने विचारलं, "आजोबा, समुद्र आला?"

एस.टी.चा ड्रायव्हर खाली उतरला. मला वाटलं, आता शिव्या. त्याने शांतपणे बोटीला एक फेरी मारली, डाव्या चाकापाशी वाकून बघितलं, हात झटकला आणि भाऊसाहेबांना म्हणाला, "काका, गाडीला ब्रेक आहेत. शेपटाला?"

जिची आपण जन्मभर टिंगल करतो, खिडक्या खडखडतात म्हणतो, त्या लाल डब्याचे ब्रेक लागले म्हणून मी हा लेख लिहायला शिल्लक आहे. यापुढे एस.टी.वर विनोद करणार नाही, असं मी त्या दिवशी ठरवलं. पाळणं जड जातंय, पण पाळतोय.

बसमधल्या लोकांनी हात लावून ट्रेलर कडेला घेतला. मासे घेऊन निघालेल्या दोन बायका उतरल्या होत्या; त्यांनी बोटीकडे बघून आपसात काहीतरी म्हटलं आणि दोघी हसल्या. काय म्हणाल्या ते विचारण्याच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो. फोन केल्यावर जवळच्या गावातून एक गॅरेजवाला मोटारसायकलवर तीन हातोडे घेऊन आला. लहान हातोड्याने सुरुवात केली, मोठ्याने शेवट. ड्रम निघाला तेव्हा आतून जे पडलं त्याला नाव देणं कठीण आहे. तपकिरी चिखल होता, वाळू होती, शिंपल्याचा एक तुकडा होता. बुटाच्या आकाराचा जो लोखंडी भाग ड्रमला घासून चाक थांबवतो, त्याच्यावरचं लायनिंग अख्खं सुटून आलं होतं. खालून गंज चढत गेला, त्याने पापुद्र्यासारखं ते उचललं, आणि ब्रेक दाबल्याबरोबर ते निसटून ड्रममध्ये पाचरीसारखं बसलं. मग उजवं चाक उघडलं. तिथे पिस्टन सिलिंडरमध्ये गंजून चिकटला होता. कधीपासून, देव जाणे. म्हणजे दोन ब्रेकांपैकी एक कधीच लागत नव्हता आणि दुसरा लागला तो सुटतच नव्हता. दोघांची सरासरी काढली असती, तर ब्रेक उत्तम होते.

भाऊसाहेब कडेच्या दगडावर बसून होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पण मास्तर, ट्रेलर पाण्यात असतो किती? दहा मिनिटं."

ट्रेलर समुद्रात दहा मिनिटं असतो हो, पण समुद्र ट्रेलरमध्ये वर्षभर असतो! समुद्राच्या एका लिटरात ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. ड्रम म्हणजे झाकण लावलेला डबा. त्यात पाणी शिरतं. पाणी वाळून जातं, मीठ राहतं. पुढच्या खेपेला आणखी. पेणकडची मिठागरं काय वेगळं करतात? भाऊसाहेब दोन चाकांत दोन मिठागरं चालवत होते. पुन्हा हे मीठ स्वस्थ बसत नाही. आमच्या घरात हे सगळ्यात आधी कळलं ते हिला. मी सगळी हकीकत सांगितल्यावर ही म्हणाली, "श्रावणात मिठाच्या बरणीचं काय होतं ते बघितलंय ना? त्यात कोण पाणी ओततं का?" खरंच, कोणी ओतत नाही. मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि पाझरतं. म्हणून तर बरणीत तांदळाचे दाणे टाकतात. मीठ घातलं की कैरी टिकते, माशाची खारवण टिकते. लोखंड तेवढं टिकत नाही.

आणि इथेच भाऊसाहेबांचा दुसरा सिद्धान्त कोसळतो. तो असा: चौकला एवढा धो धो पाऊस पडतो, त्यात ट्रेलर आपोआप धुऊन निघेल. अहो, माथेरानच्या पायथ्याचा पाऊस डोंगर धुतो, घराचं छप्पर धुतो, कधीकधी रस्ताही धुऊन नेतो. झाकलेल्या डब्याच्या आत तो शिरणार कुठून? आत शिरते ती फक्त दमट हवा. म्हणजे चार महिने मिठाला लागणारी ओल तेवढी मिळते, धुणं होतच नाही.

मग नवे ब्रेक कुठले घ्यायचे यावर आमच्या ओट्यावर जी परिषद भरली, तिचा वृत्तांत देतो. पहिले वक्ते फोनवरून बोलले. भाऊसाहेबांचे चिरंजीव अमेरिकेत मिनेसोटाला असतात. त्यांचं म्हणणं, बाबा, इलेक्ट्रिक ब्रेक घ्या, इथे शेजाऱ्याकडे आहेत, एकदम मस्त. मी विचारलं, "शेजारी बोट कुठे घालतो?" म्हणाले, "लेकमध्ये, काका." म्हटलं, "त्या लेकचं पाणी कसं आहे? गोडं की खारं?" थोडा वेळ फोनमध्ये खरखर ऐकू आली. "गोडं," म्हणाले. इलेक्ट्रिक ब्रेकात चाकाच्या आत लोहचुंबकाची गुंडाळी असते, तिला वायर असते. गोड्या पाण्यात ती कशीबशी निभावेल. खाऱ्या पाण्यात वारंवार बुडवलीत तर वायरीचे जोड हिरवे पडतात आणि चुंबक गंजतो. सगळ्या जगात ब्रेकवर सल्ला देणारे इथेच चुकतात. पाणी गोडं की खारं, हे विचारल्याशिवाय या विषयावर तोंडच उघडू नये. विजेचीच हौस असेल, तर विजेवर चालणारा पंप ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, पाण्यापासून दूर बसवतात आणि चाकापर्यंत तेलाचाच दाब नेतात, तो प्रकार बरा. लांब घाटात तर फारच बरा, कारण ढकलण्यावर चालणारा ब्रेक उतारभर लागून राहतो आणि तापतो. पण त्याचा खर्च ऐकून भाऊसाहेबांनी पान लावायला घेतलं.

दुसरे वक्ते खोपोलीचे एक उस्ताद. हयात ट्रकखाली पडून काढलेली. "साहेब, घाटात एवढे ट्रक उतरतात, सगळे ड्रमवर. ड्रमला नावं ठेवू नका." उस्तादांबद्दल मला आदर आहे. ड्रम स्वस्त, सुटे भाग पनवेलला केव्हाही मिळतात, हाताला सवय आहे. पण उस्ताद, तुमचे ट्रक रविवारी समुद्रस्नानाला जात नाहीत! ड्रमच ठेवायचा असेल, तर त्याला मागून नळी जोडायचं तोंड बसवून घ्या, म्हणजे आतून धुता तरी येईल. तशी सोय मिळते.

माझं स्वतःचं मत डिस्कच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण फार साधं आहे. डिस्क उघडी असते. दिसते. आपल्याकडे दिसतं तेच धुतलं जातं. दिवाणखान्याची फरशी रोज पुसतात आणि माळ्यावर दिवाळीला चढतात. डिस्कमध्ये पाणी साठत नाही, पाइपाचा एक फवारा मारला की मीठ निघतं, आणि गंज किती चढला ते वाकून बघितलं की कळतं, त्यासाठी तीन हातोडे लागत नाहीत. मात्र डिस्कही मोटारीची साधी बिडाची नको. मोटार रोज चालते, रात्रीचा गंज सकाळच्या पहिल्या ब्रेकला खरवडून जातो. ट्रेलर महिनाभर उभा असतो, तेवढ्यात पॅड डिस्कला चिकटून बसतात. स्टेनलेस स्टीलची घ्यावी, निदान जस्ताचा किंवा तसल्याच मुलाम्याची. तेल नेणाऱ्या नळ्याही साध्या लोखंडाच्या नकोत. आणि ड्रम काढून डिस्क लावली की काम झालं, असंही नाही. डिस्कला तेलाचा दाब जास्त लागतो, त्याला जुळणारा मास्टर सिलिंडर हवा. हे उस्तादांनी लगेच मान्य केलं. ड्रमवाल्याने डिस्कचं बरोबर सांगितलं, म्हणून मी त्यांना दुसरा चहा दिला.

चहावरून आठवलं. या शास्त्रात एकच नियम असा आहे की जो मराठी माणूस एका ऐकण्यात मान्य करतो. सत्तर किलोमीटर येऊन चाकाचे हब तापलेले असतात. तसेच गार पाण्यात घातले, की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी बेअरिंगच्या ग्रीसमध्ये ओढून घेते. म्हणून धक्क्यावर पोचलं की आधी अर्धा तास थांबायचं. चहा घ्यायचा. भाऊसाहेबांनी हा नियम तत्काळ अमलात आणला. बटाटावडा त्यांनी स्वतःच्या संशोधनाने जोडला.

अलिबागकडच्या एका जुन्या तांडेलाला मी हे सगळं सांगितलं, तेव्हा तो मिश्कीलपणे बघत राहिला. त्यांच्या होड्या पावसाआधी ट्रॅक्टरने वर ओढतात. म्हणाला, होडी पाण्यात घालायची असते, चाकं कशाला घालता? तेही खरंच. ट्रेलरवरचे रूळ नीट फिरत असतील आणि दोरी खेचायची तयारी असेल, तर टायरचा तळ भिजेल इतकंच मागे जाऊन बोट सरकवता येते. हबपर्यंत पाणी येऊच द्यायचं नाही. पण आपल्याला गाडीचा मागचा बंपर ओला झाल्याशिवाय समुद्रावर गेल्यासारखं वाटत नाही.

राहता राहिलं धुणं, आणि खरं रण तिथेच आहे. ब्रेक कुठलेही घ्या, खाऱ्या पाण्यातून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चांगली पंधरा मिनिटं धुवावे लागतात. उद्या नाही, पुढच्या रविवारी नाही. धुतल्यावर गल्लीत एक फेरी मारून दोन-चारदा हलके ब्रेक लावायचे, म्हणजे सुकतात. मग हँडब्रेक न लावता चाकाखाली लाकडाचा ठोकळा घालायचा, नाहीतर ब्रेक लागलेल्या जागीच चिकटतात. ब्रेक ऑइल दर एक-दोन वर्षांनी बदलायचं, कारण साधं डॉट ३ किंवा डॉट ४ तेल हवेतली ओल पीत बसतं. मग ते तापलं की आत वाफ होते आणि दाबच राहत नाही.

आता पंधरा मिनिटं पाणी. चौकला. मे महिन्यात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण जणू आमच्यासाठीच घडवलेली; मोरब्याचं पाणी नवी मुंबईला जातं आणि आम्ही टाकी वाकून बघतो. मी पाइप लावला की ही खिडकीत येते. "खाऱ्यात घालून आणायचं आणि गोड्यात धुवायचं! त्यापेक्षा चाळीस घोडे तबेल्यातच बांधून ठेवा ना." यावर माझ्याकडे उत्तर नाही. शेवटी तह झाला. कपडे विसळलेलं शेवटचं पाणी ट्रेलरला, आणि त्यावर दोन बादल्या टाकीतल्या. तिसरी मागितली तर जेवणात मीठ जास्त पडेल, अशी ताकीद आहे. मात्र कार्लेखिंडीचं सांगितल्यापासून त्या दोन बादल्या ती स्वतः भरून ठेवते, आणि ट्रेलर आला की आधी डाव्या चाकाकडे बघते.

भाऊसाहेब आता पुष्कळ बदलले आहेत. चहा घेतात, ठोकळा लावतात, खीळ काढली का म्हणून मला दोनदा विचारतात. परवा रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. शेजारीच राहतात, पण महत्त्वाचं काही असलं की फोन करतात.

"मास्तर, त्या स्टेनलेसच्या डिस्कची चौकशी केली. बरीच महाग आहे हो."

"असणारच."

"मी काय म्हणतो," भाऊसाहेब म्हणाले, "एकाच चाकाला बसवली तर?"